ज्याचा डाग, त्याचा बैल

देशमुखांची चांदीची वाटी हरवली आणि आळ आला त्यांच्याकडे दळण दळणाऱ्या बयनावर. पुरावा नव्हता, पण देशमुखांना तो कधी लागतच नसे. ते म्हणाले, "हिच्या कपाळावर डाग द्या. चोर आहे हे गावाला लांबूनच कळू दे."

चावडीपुढे निखाऱ्यांत लोखंड तापत होतं. याच लोखंडाने देशमुखांच्या बैलांवर त्यांची खूण डागत असत. बयनाने त्या लोखंडाकडे पाहिलं. मग तिने देशमुखांना विचारलं,

"सरकार, बैल दुसऱ्याच्या रानात शिरला तर भरपाई कोण देतं?"

"ज्याचा डाग, तो. माझाच निवाडा आहे तो."

"आजवर मी कुणाची काडी उचलली नाही. पण असलं कपाळ बघून उद्या मला दळण कोण देईल? पोट मला चोरी करायला लावील. मग लोक माझ्याकडे येणार नाहीत, सरकार. डाग ओळखून तुमच्या दारात येतील."

चावडीपुढे जमलेल्या सगळ्यांच्या नजरा देशमुखांकडे वळल्या. त्यांनी मान फिरवून खूण केली. लोखंड पाण्यात चर्र करून विझलं.

बयना घरी पोचली तरी तिचा हात कपाळावरून खाली आला नव्हता.