जरबेऱ्याचा गाभा

हळद पिकवणाऱ्या एका गावात हैबती नावाचा माळी राहत होता. गावची माती काळी, खोल आणि भुसभुशीत. तिथली माणसे हळदीला भर लावण्यात मोठी तरबेज. पावसाने एखाद्या रोपाच्या बुडाची माती वाहून गेलेली दिसली, की जाणारा-येणारा थांबे, दोन मुठी माती ओढून लावी आणि मगच पुढे जाई. शेत कोणाचे आहे हे कोणी बघत नसे. झाडाचे बूड उघडे ठेवणे म्हणजे लेकराला थंडीत पांघरुणावाचून निजवणे, असे तिथे सगळे मानत.

हैबतीकडे हळद थोडी आणि फुले फार. तरुणपणी तो डोंगरावरच्या थंड हवेच्या गावी एका बंगल्याच्या बागेत कामाला होता. तिथून परतताना बागेतल्या म्हाताऱ्या माळ्याने त्याला जरबेऱ्याचा एक ठोंब दिला. हे झाड मूळचे आफ्रिकेच्या दक्षिणेकडचे, पाणी न थांबणाऱ्या उतारांवरचे. त्याची पाने जमिनीलगत पसरतात. जिथून ती फुटतात तो मधला गाभा. त्यातूनच लांब दांडा वर येतो आणि दांड्यावर तळहाताएवढे लालभडक फूल उमलते. ठोंब हातात देताना म्हातारा म्हणाला, "हा मातीत पुरायचा नाही, मातीवर बसवायचा. मुळं आत, गाभा बाहेर. गाभ्यावर माती आली की कुजला म्हणून समज."

हैबतीने तसेच केले. उंच वाफा केला, मातीत वाळू आणि बारीक खडी मिसळली, गाभा बोटभर वर ठेवला. ठोंब फुटत गेला, वाफा भरला. दसऱ्याला गावदेवीच्या पालखीपुढे त्याने लाल फुलांचे ताट नेले. तशी फुले गावाने पाहिली नव्हती. पुढच्या वर्षीपासून पुजारीच विचारू लागला, हैबतीचं ताट आलं का? ताट आल्याशिवाय पालखी उचलेनात. हैबतीला हा मान जपून ठेवावासा वाटू लागला.

आता त्या गावात एक रीत होती. नागपंचमीला जमीन खणायची नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळे गाव खुरपी घेऊन बाहेर पडे आणि एकमेकांकडे रोपे मागे. त्या दिवशी मागितलेले रोप कोणी नाकारायचे नाही, आणि त्याचे मोलही घ्यायचे नाही. अशाच एका वर्षी सकाळी हैबतीच्या दारात माणसे उभी राहिली. सगळ्यांना जरबेरा हवा होता.

हैबतीने रीत मोडली नाही. त्याने मोठे ठोंब अलगद उपटले, मुळांची माती झटकली आणि फुटवे वेगळे केले. प्रत्येक फुटव्याला मुळे आणि गाभा राहील असे बघितले. वाळकी पाने काढली, लांब मुळे कातरली. काम अगदी मनापासून केले. पहिला फुटवा शेजारच्या केरबाला देताना म्हाताऱ्याचे ते बोलणे त्याच्या ओठांवर आलेही होते. तेवढ्यात केरबा आनंदाने म्हणाला, "आता दसऱ्याला माझ्याही दारची चार फुलं देवीला जातील, दादा."

हैबती हसला. बोलणे मात्र ओठांवरच राहिले. पुढच्या माणसाला मग ते सांगता येईना. केरबाला सांगितले नाही, ते दुसऱ्याला कसे सांगणार? असे करत सगळे फुटवे वाटून झाले. वरच्या वाडीत कातळावर एकटी राहणारी धुरपदाआक्का शेवटी आली. तिच्या वाट्याला उरलेला फुटवा आला, सगळ्यांत बारका. तो पदरात घेऊन ती गुडघे धरत धरत डोंगर चढून गेली.

लोकांनी आपापल्या फुटव्यांना आपल्या रीतीप्रमाणे चांगली भर लावली. ज्याने जास्त काळजी घेतली त्याचे झाड आधी गेले. केरबाचे सर्वांत आधी गेले. लोक हैबतीला विचारायला आले, तेव्हा तो म्हणाला, "परमुलखातलं झाड. सगळ्यांच्या मातीला मानवत नाही." लोकांना ते पटले. हैबतीच्या हातालाच गुण आहे, असे सगळे बोलू लागले. पुढच्या वर्षीही लोकांनी फुटवे नेले आणि पुढच्या वर्षीही ते कुजले. नंतर कोणी मागेनासे झाले.

एका वर्षी श्रावणात हैबतीच्या डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा आला. शस्त्रक्रियेसाठी तालुक्याला लेकीकडे जाऊन राहणे भाग पडले. बाग कोणाच्या भरवशावर ठेवायची? केरबा आपणहून पुढे झाला. आपण मागितले तेव्हा दादांनी रोप दिले, आता आपण त्यांच्या उपयोगी पडू, असे त्याला वाटले. हैबतीने जाताना पुष्कळ सांगितले. गुरे आत येऊ देऊ नको, गोगलगाई वेचून टाक, फुले खुडताना दांडा ओढून काढ. गाभ्याचे काही सांगितले नाही. पुरता महिना तो बाहेर राहिला.

त्या महिन्यात पावसाने जोर धरला. वाफ्यांवरची माती वाहून जाऊ लागली. सगळे गाभे उघडे पडलेले पाहून केरबाचा जीव हळहळला. त्याने आपल्या शेतातली शेणखताची माती घमेल्यांनी वाहून आणली आणि एकेका झाडाला स्वतःच्या हळदीला लावतो तशी भर लावली. हात दुखेपर्यंत लावली.

हैबती डोळ्यांवर काळा चष्मा लावून परतला, तेव्हा वाफ्यांत पाने लोळत होती. त्याने एक झाड धरून उचलले. पाने हातात आली, गाभा चिखलासारखा मऊ होऊन खालीच राहिला. दुसऱ्याचे तेच, तिसऱ्याचे तेच. एकही वाचले नव्हते. बांधावर केरबा मान खाली घालून उभा होता.

हैबतीने विचारले, "माती कशाला लावलीस?"

केरबा म्हणाला, "गाभे उघडे पडले होते, दादा. लावू नको असं कोणी सांगितलं नव्हतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो आपली चूक शोधत होता, एवढेच. पण हैबती हातातली पाने टाकून घरात गेला.

गावात मात्र बोलणे थांबले नाही. केरबाने देवीची बाग बुडवली, असे लोक म्हणू लागले. केरबा दिसला की पारावरची माणसे आपापली रोपे झाकायचे सोंग करत. तो त्या वाटेने जायचा बंद झाला. त्याची जेवणावरची वासना उडाली. हैबतीला हे सारे कळत होते. त्याने एक वाक्य उच्चारले असते तर केरबा सुटला असता. पण ते वाक्य उच्चारायचे तर ते इतकी वर्षे पोटात ठेवल्याचेही सांगावे लागणार होते. तो गप्प राहिला.

दसरा जवळ आला. एका संध्याकाळी केरबाच त्याच्या दारात आला. तो गुराख्यांना विचारत हिंडला होता. वरच्या वाडीत धुरपदाआक्काच्या अंगणात तसलीच लाल फुले दिसतात, असे त्याला कळले होते. "मी जाऊन मागितली तर देईल का नाही कोण जाणे," तो म्हणाला. "तुम्ही जा, दादा. बाग पुन्हा उभी राहिली तर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल."

हैबती सकाळीच डोंगर चढला. आक्काचे अंगण म्हणजे उघडा कातळ. त्याच्या भेगांमध्ये काय ती ओंजळभर माती. आणि भेगाभेगांत जरबेरा बहरलेला. त्याने दिलेल्या त्या बारक्या फुटव्याचा केवढा पसारा झाला होता. प्रत्येक गाभा मातीच्या वर, उन्हात.

आक्का म्हणाली, "बघतोस काय? तुझंच झाड आहे." मग तिने हसत सांगितले की तिलाही भर लावायची होती, पण खालून माती आणायला गुडघे तयार नव्हते. उद्या आणू, परवा आणू, असे करता करता झाड फुलले. पुढे एकदा कोंबड्यांनी माती उकरून एका झाडावर टाकली आणि तेवढेच झाड कुजले. तेव्हा तिच्या ध्यानात आले.

हैबतीने विचारले, "इतकी फुलं असताना देवीला का नाही आणलीस?"

"ताटाचा मान तुझा. मी मध्ये कशाला येऊ?" आक्का म्हणाली.

तिने खुरप्याने दोन मोठे ठोंब काढले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि त्याच्या हातात दिले. मग त्याच्या हातावर आपला हात ठेवून ती म्हणाली, "एक सांगते, नीट ऐक. गाभा मातीत जाऊ देऊ नको. खालची सगळी माणसं इथंच चुकली असणार. एकदा उतरून सांगायला हवं होतं मी. गुडघ्यांचं निमित्त करून बसून राहिले, ते माझ्या मनाला लागून राहिलंय."

हैबतीने ठोंब खाली ठेवले. चष्मा काढून डोळे पुसले.

"आक्का, मला हे ठाऊक होतं. तुला फुटवा दिला त्याच्याही आधीपासून."

आक्का खुरप्याची माती बोटाने काढू लागली. मग म्हणाली, "म्हणजे नुसतं झाड तू दिलंस, आणि जगायचं कसं ते झाडानं आपलं आपण बघून घेतलं." तिनेच ठोंब उचलून पुन्हा त्याच्या हातात दिले. "जा घेऊन. पण खाली उतरताना पहिलं घर केरबाचं लागतं, ते विसरू नको."

हैबती आधी केरबाच्याच घरी गेला. ओट्यावर बसून त्याने सगळे सांगितले. म्हाताऱ्या माळ्याने काय सांगितले होते, आपण ते कधी गिळले आणि का गिळले, काहीच ठेवले नाही. मग केरबाला बरोबर घेऊन तो पारावर गेला आणि तेच सगळ्यांसमोर पुन्हा सांगितले. परतताना केरबा म्हणाला, "दादा, महिनाभर मला वाटत होतं, माझ्याच हाताला विष आहे."

हैबतीने एक ठोंब केरबाच्या हातात दिला, त्याच्या अंगणात उंच वाफा केला, आणि गाभा किती वर ठेवायचा ते त्याचे बोट धरून दाखवले.

त्या दसऱ्याला ताटात आक्काची फुले होती. पुजाऱ्याने नेहमीप्रमाणे हैबतीचे नाव घेतले, तेव्हा हैबतीने ते अडवले आणि आक्काचे नाव घ्यायला लावले. ताट केरबाच्या हातून गेले.

आता त्या गावात दारोदारी जरबेरा आहे. दसऱ्याला पालखीपुढे इतकी ताटे येतात, की कोणते कोणाचे हे पुजाऱ्याला कळत नाही. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिथे रोप मागायला गेलात, तर ते लगेच हातात पडत नाही. देणारा आधी ते कसे लावायचे ते सांगतो, घेणारा ते पुन्हा म्हणून दाखवतो, आणि मगच रोप या हातातून त्या हातात जाते.

तात्पर्य: कोणाला काही द्यायचे तर ते जगवायचे कसे, हेही सांगून द्यावे. हातचे राखून दिलेली वस्तू घेणाऱ्याकडे रुजत नाही, आणि देणाऱ्याकडेही टिकत नाही.