धाकटी तीच थोरली

घाटाखालच्या एका गावात हौसाबाई नावाची मोटार मिस्त्रीण राहत होती. तिचे हात कायम काळे, पण कान असा तिखट की नुसत्या आवाजावरून ती इंजिनाचं दुखणं ओळखायची.

त्या गावच्या जत्रेत दरवर्षी जुन्या मोटारींचा मेळा भरे. सगळ्यांत अस्सल जुनी ठरेल तिला मानाचा हार. त्या वर्षी निवाडा करायचं काम हौसाबाईकडे आलं.

शेवटी दोनच गाड्या उरल्या. एक इनामदारांची, शंभर वर्षांपूर्वीची. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, रंग तर असा की त्यात तोंड पाहून घ्यावं. दुसरी नर्सबाईंची. ती चाळीस वर्षांनी धाकटी; पत्र्याला पोचे, रंग विटलेला. अजूनही नर्सबाई तीच घेऊन वाड्यावस्त्यांवर बाळंतपणाला जात.

"यात तोलायचं काय आहे?" इनामदार हसले. त्यांनी किल्ली फिरवली. गाडी मांजरासारखी गुरगुरली.

हौसाबाईने मान तिरकी केली. "सरकार, त्या काळच्या गाड्या पुढून हँडल मारून चालू करायचे. एकदा मारून दाखवा की."

हँडल आत गेलं, पण नुसतंच गरगरलं. ते कशाला जोडलेलंच नव्हतं. तिने बॉनेट उघडून पाहिलं आणि काय ते समजली.

इनामदार जवळ येऊन पुटपुटले, "हौसा, तुझी शेड माझ्या जागेत आहे. ध्यानात असू दे."

शेड गेली तर चूल थंड. पण आजवर तिने एकाही गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नव्हतं. ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"सरकारांच्या गाडीचा साज शंभर वर्षांचा आहे आणि देखणा आहे. आतलं इंजिन मात्र वीस वर्षांचं. नर्सबाईंच्या गाडीत पहिल्या दिवसापासूनचं इंजिन धडधडतंय. धाकटी दिसते तीच थोरली. हार तिला!"

इनामदार गाडी घेऊन निघून गेले. हौसाबाई आठ दिवस जागा सोडण्याच्या निरोपाची वाट बघत होती. नवव्या दिवशी इनामदार स्वतः आले. मागे बैलगाडीत एक गंजलेलं इंजिन होतं.

"आबांच्या, माझ्या वडिलांच्या वेळचं मूळ इंजिन. फार खडखडायचं. पाहुण्यांपुढे लाज वाटायची, म्हणून काढून टाकलं होतं. बसेल परत?"

"बसेल की! पण खडखडणार."

"खडखडू दे."

दोन महिने खपून हौसाबाईने ते बसवलं. गाडी धूर सोडत, थरथरत जागी झाली. इनामदारांच्या पांढऱ्या धोतरावर तेल उडालं, तरी ते हलले नाहीत.

"आबा घरी आले की हाच आवाज यायचा," ते म्हणाले आणि बराच वेळ ऐकत उभे राहिले.

तात्पर्य: थोरपण बाहेरच्या साजावर ठरत नाही; आत जे अस्सल असेल, त्याची लाज बाळगू नये.