डोळे बाबा काढतात

दोष बापाचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शेवटी सगळे पोरीलाच नावं ठेवतात.

तर नदीकाठच्या एका गावी एक चितारी होता. देवाच्या पालख्या, लाकडी बैल, पाळण्यावरचे राघू, सगळं त्याच्या हातून रंगून जायचं. त्याच्या कारखान्यात एक रीत होती. रंग कोणीही भरो, डोळे मालकानंच काढायचे. धंद्यात ते ठीक होतं.

त्याला एक लेक होती, सगुणी. ती पडवीत पालथी पडून फरशीवर कोळशानं चित्रं काढायची. शेळी काढताना स्वतःच बें बें करायची. एकदा तिनं शेळीला पाच पाय काढले.

"पाचवा कशाला गं?" आईनं विचारलं.

"ती पळतेय. पळताना मोजून बघ तू."

आई हसली. पोरीनं फरशी पुसली आणि परत काढायला घेतलं. संध्याकाळपर्यंत हात, तोंड, परकर, सगळं काळं.

एक दिवस चिताऱ्याचा थोरला भाऊ आला. चित्र बघून म्हणाला, "काय रे, चिताऱ्याच्या घरात ही शेळी? ही तर मोडकी बाज दिसतेय."

चिताऱ्याला ते लागलं. पण भावाला उलटून बोलायची हिंमत नव्हती. मोठ्यांपुढं बोलायची आपल्यात पद्धत नाही, तो राग लहानांवर काढायची आहे. त्यानं पोरीच्या हातातला कोळसा घेतला. "सरक. डोळे मी काढतो."

डोळे झाले. मग शिंगं नीट केली. पुढं पुढं तो पायसुद्धा पुसून नवे काढू लागला. आणि येईल त्याला सांगायचा, "आमच्या सगुणीनं काढलंय."

"बाबा, हे मी नाही काढलं," ती एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली.

"गप. सुरुवात तूच केलीस ना?"

गावातले म्हातारे कौतुकानं माना डोलवायचे. कळत सगळ्यांना होतं, बोललं कोणी नाही. सगुणीचं बें बें मात्र बंद झालं. ती दोन रेघा ओढायची, कोळसा ठेवायची आणि बाबांची वाट बघत बसायची.

त्या वर्षी जत्रेला राणीसाहेब आल्या. त्यांना राजधानीत मुलांसाठी चित्रशाळा काढायची होती आणि सगुणीचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. देवळासमोर पांढरं कापड ताणलं. अख्खा गाव जमला. सगुणीला नवं परकर-पोलकं.

"तुला आवडेल ते काढ, बाळ," राणीसाहेब म्हणाल्या.

सगुणीनं एक पाठ काढली, एक शिंग काढलं. मग कुंचला खाली ठेवला आणि बाजूला सरकून उभी राहिली.

"थांबलीस का?"

"पुढचं बाबा करतात."

"बरं, एक डोळा तरी काढ."

"डोळे तर बाबाच काढतात."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "उठा चितारी, जनावर अर्धंच ताटकळलंय." लोक हसले. का हसले ते सगुणीला कळेना. तिनं बापाकडं पाहिलं.

चिताऱ्याचे कान तापले. एक वाक्य पुरलं असतं: राणीसाहेब, तो हात माझा होता. ते ओठापर्यंत आलंसुद्धा. तेवढ्यात पुढच्या रांगेत बसलेला थोरला भाऊ दिसला.

"आळशी आहे हो कार्टी," चितारी हसत म्हणाला. "घरी बरं काढते. आज चारचौघांत तोंडावर पाडलं मला."

सगुणीनं मान खाली घातली. राणीसाहेबांनी हनुवटीला हात लावला, तरी तिनं ती वर केली नाही.

घरी आल्यावर चिताऱ्यानं नवा कुंचला आणि रंगाच्या वाट्या तिच्यापुढं ठेवल्या. "काढ तुला हवं ते. मी हात लावणार नाही. चुकलं माझं."

हे त्यानं दार लावून सांगितलं.

"मला येत नाही," सगुणी म्हणाली आणि आईबरोबर पाण्याला निघून गेली.

तात्पर्य सांगायचं तर: पोराचं चित्र बिघडलं तर ते पुन्हा काढतं. काढण्यातली मजाच हिसकावून घेतली, तर ते कशाला काढेल? आणि चारचौघांत पोराच्या माथी मारलेला दोष दार लावून परत घेता येत नाही.

चित्रशाळेत दुसऱ्या गावची मुलं गेली. सगुणीनं पुढं कधीच काही काढलं नाही. चिताऱ्याचा कारखाना त्याच्याबरोबर संपला.