पन्नासाव्या पायरीचा रांजण

जोगणाईच्या डोंगराला एकशेवीस पायऱ्या आहेत. अठ्ठेचाळिसाव्या पायरीवर रांजणाच्या बुडाएवढा खळगा आहे. त्यात भर पावसातही पाणी ठरत नाही. दोनच पायऱ्या वर मात्र रांजण काठोकाठ भरलेला. असं का, ते देवळातल्या गुरवीणकाकू सांगतात.

डोंगराच्या तिनातल्या एका हिश्श्यावर, चाळिसाव्या पायरीला, तळवाडी. अर्ध्यावर, साठाव्या पायरीला, माथवाडी. एका वर्षी सगळे झरे आटले. तेव्हा जोगणाई भगताच्या तोंडून बोलली म्हणे, "माझा रांजण दोन्ही वाड्यांच्या बरोबर मधोमध ठेवा, रोज भरेल. एका पायरीनंही कुणाकडे झुकला, तर पाणी ठरायचं नाही."

मध्य काढला गुणाजी पाटलांनी. "तळवाडी तिनातल्या एका हिश्श्यावर, माथवाडी दोनातल्या एका. वरचे एक न एक दोन, खालचे तीन न दोन पाच. पाचातले दोन हिस्से! अठ्ठेचाळिसावी पायरी."

रांजण तिथं बसला. पहाटे भरायचा आणि बायका पोचेपर्यंत ठणठणीत.

माथवाडीची भिवरा तान्ह्या लेकाला झोळीत घालून रोज उतरायची, कोरडी घागर घेऊन परतायची. तळवाडीकडून आठ पायऱ्या, माथवाडीकडून बारा. तिनं मोजल्या, पुन्हा मोजल्या. आपलंच चुकत असेल म्हणून तिसऱ्यांदा मोजल्या.

"पाटीलमामा, आठ न बारा सारखे कसे?"

"हिशेब चोख आहे, सूनबाई. तुझे पाय चुकतात."

"बाळंतिणीचं डोकं कुठं ठिकाणावर असतं!" सासूनं भर घातली. पाटलांनी हिशेब पुन्हा मांडला. तोच. रोज तोच. भिवराला वाटे, रांजणावर डोकं आपटावं.

नवव्या दिवशी पोर रडायचंही थांबलं. भिवरानं त्याला काखेला मारून झोळीचं नऊवारी लुगडं सोडलं. एक टोक तळवाडीच्या ठकूला दिलं, दुसरं घेऊन आपल्या वाडीपर्यंत चढली. बरोबर पुरलं. मग दुमडून घडीवर गाठ मारली नि पुन्हा ताणलं. गाठ पन्नासाव्या पायरीवर.

"लुगड्याला तर पायच नाहीत, मामा!"

उत्तराची वाट न बघता दोघींनी रांजण वर ओढला. तळाशी पाणी चमकलं, चढत गेलं, थांबलं. ओलं बोट ओठांना लागताच लेकरानं भोकाड पसरलं. तेव्हा कुठं भिवरा खाली बसली, असं सांगतात.

आजही बाळाला पहिल्यांदा डोंगरावर नेताना दोन्ही वाड्यांच्या बायका लुगडं ताणतात आणि गाठीखालच्या पायरीवर बाळाला टेकवतात. गाठ कधी चुकत नाही. तरी आई दोन्हीकडच्या दहा-दहा पायऱ्या मोजतेच, तीनदा.