शिंकेची साक्ष

"ऐका होऽऽ! आजपासून घरी मसाला कुटायला बंदी! ज्याला हवा त्यानं लखूशेटच्या दुकानातून शाही मसाल्याची पुडी आणावी! उद्या गावातली सगळी उखळं नदीत बुडवली जातील होऽऽ!"

दवंडी ऐकून हौसाबाईच्या हातातलं मुसळ वरच्या वर थबकलं. नदीकाठच्या शेवटच्या घरात ती राहायची आणि गावाला मसाला कांडून द्यायची. धणे कुठवर भाजायचे, मिरचीला ऊन किती द्यायचं, दगडफूल किती घालायचं, ते तिला विचारावं! तिच्याकडे होतं नव्हतं ते सासूच्या हातचं एक उखळ. ते बुडालं की चूलही बुडाली.

आणि बंदीचं कारण काय? तर महाराजांची दुपारची झोप! भैरोजीराजे जेवून आडवे झाले, की नदीकाठाहून मिरचीचा ठसका यायचा आणि महाराज शिंकत उठायचे. राज्य बुडालं तरी चालेल, वामकुक्षी मोडता कामा नये! हे लखूशेटनं बरोबर हेरलं होतं. खुशामतीचं तेल लावून त्यानं फर्मान काढून घेतलं.

हौसाबाईनं पदर खोचला, मुसळ खांद्यावर टाकलं आणि तडक दरबार गाठला.

"म्हाराज, उखळं बुडवा, न्हाईतर मला बुडवा! पर आदी शेटच्या पुडीत काय हाय ते तर बघा! ती आल्यापास्नं अर्धं गाव पोट धरून बसलंय. तुमी सोता जेवताना ताकाचा तांब्या खाली ठेवत न्हाई, आसं ऐकलं!"

भर दरबारात पोटाची कळ काढली! महाराजांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तसा हट्टी माणूस. एकदा उजवीकडे मान वळवली, की डावीकडचा सूर्यही त्यांना दिसत नसे.

"शाही मसाल्याला नावं ठेवतेस? कर सिद्ध!"

"चाखून बघा की!"

"चव काय, ज्याची त्याची!" सिंहासनाशेजारी उभा असलेला लखूशेट घाईनं म्हणाला.

"बरोबर! चाखायचा नाही!" महाराज म्हणाले.

"मग हुंगा तरी!"

"महाराज, एवढ्या मोठ्या दरबारात हुंगत बसणं शोभतं का?"

"बरोबर! हुंगायचा नाही!"

"आन् पुडी फोडून पाण्यात टाकली तर?"

"पुडी फोडली की ही बाई हातचलाखीनं त्यात काहीतरी टाकेल!"

"बरोबर! पुडी उघडायचीच नाही! न चाखता, न हुंगता, न उघडता आत्ताच्या आत्ता सिद्ध कर. नाहीतर पहिलं उखळ तुझं बुडेल!"

दरबार खो खो हसला. दरबाऱ्यांचं काय, महाराज शिंकले तरी ते वाहवा करत! हौसाबाईनं त्या हसणाऱ्या तोंडांकडे पाहिलं. सगळे रिकामे रांजण, नुसते घुमणारे! मग ती शेटकडे वळली आणि अगदी गरीब आवाजात बोलली.

"शेट, तुमचा कारखाना मोठा आसंल न्हाई?"

"मोठा म्हणजे! वीस मुसळं चालतात!"

"कुठं हाय?"

"राजवाड्याच्या मागच्या भिंतीला लागून. खुद्द महाराजांनी जागा दिली!"

"कुटता कवा?"

"सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत. मुसळ थांबत नाही!"

"आन् मिरची?"

"अस्सल लवंगी!" शेटनं छाती फुगवली. "एक चिमूट टाकली तर हत्ती रडेल!"

"खरंय, खरंय," महाराजही कौतुकानं म्हणाले. "माझ्या शेजघराच्या खिडकीखालीच चालतं सगळं. त्या धपधपीवर काय छान डोळा लागतो!"

हौसाबाईनं मुसळ दाणकन जमिनीवर टेकवलं.

"म्हाराज, माझं घर पार नदीकाठाला. तिथं मी एकटी मूठभर मिरची कुटते, तर तुमी हितं शिंकून शिंकून बेजार! आन् तुमच्या खिडकीखाली वीस मुसळं दिसभर लवंगी मिरची कुटत्यात, तर तुमाला छान डोळा लागतोय?"

दरबारातलं हसू विझलं.

"वारा!" शेट ओरडला. "महाराज, आमच्याकडचा वारा उलटा वाहतो!"

"व्हय का? म्हाराज, तुमच्या खिडकीच्या पडद्यावर लाल धूळ बसती का?"

"बसते ना! रोज झटकावी लागते."

"मग वारा येतोय की सुलटा! धूळ घिऊन येतो आन् शिंक वाटेत टाकून येतो व्हय? म्हाराज, मिरची नाकापाशी यिऊन गुमान बसत न्हाई. गुमान बसती ती वीट! हातच्या काकणाला आरसा कशाला? आता सांगा, मी चाखलं? हुंगलं? पुडी उघडली?"

महाराजांनी नाक चोळलं. मग पोट चोळलं. शिपाई मागच्या भिंतीकडे धावले. परत आले ते विटांचा भुगा आणि लाल रंगवलेला भुसा घेऊन. मिरची औषधालाही नव्हती!

महाराज आधी काळेनिळे झाले. मग स्वतःचीच वामकुक्षी आठवून असे हसले, की पागोटं मांडीवर आलं. "म्हणजे इतके दिवस मी विटांच्या अंगाईवर झोपत होतो! आणि वर त्याच विटा जेवत होतो!"

फर्मान तिथेच फाटलं. हौसाबाईला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि राजवाड्याचा मसाला कांडायचा मान मिळाला.

"पण बाई," महाराज जरा ओशाळून म्हणाले, "माझ्या झोपेचं काय?"

"आता मी सकाळी कुटते, तुमी दुपारी झोपा! एवढ्यासाठी गावची उखळं बुडवायला निघाला व्हता?"

महाराज पुन्हा हसत सुटले. "आणि या शेटचं काय करू?"

"त्येस्नी एक उखळ द्या. पर मिरची माझ्या घरची!"

दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीआडून सणसणीत शिंक आली. ती लखूशेटची. तिच्या पाठोपाठ शेजघरातून दुसरी, ती महाराजांची! डोळे पुशीत, हसत हसत महाराज खिडकीतून ओरडले, "अस्सल आहे रे, अस्सल! कुट, थांबू नकोस!"