न छेडलेला गंधार

एका राज्यात धैर्यवर्मा नावाचा राजा होता आणि त्याच्या दरबारी कनकवल्ली नावाची वृद्ध वीणावादिनी होती. एके दिवशी तिने षड्जाची तार छेडली व म्हणाली, "महाराज, हा एकटा स्वर नव्हे. याच्या पोटात गंधारही वाजतो आहे."

राजाला काही ऐकू आले नाही. दरबारी हसले. आपली थट्टा होते आहे असे वाटून राजाने तिला सीमेपार घालवले. जाताना ती म्हणाली, "ज्याला ऐकायचे नाही, त्याच्या राज्यात तार बोलणार नाही."

त्या क्षणी राज्यातल्या साऱ्या तारा मुक्या झाल्या. सात वर्षे गेली. वीणा करणाऱ्यांनी घरे सोडली, गाणारे सुरावाचून चाचपडू लागले. अखेर राजा एकटाच उःशाप शोधत निघाला.

राज्याबाहेर, उत्तरेच्या माळावर दोन खडकांमध्ये एक लांबच लांब तार ताणलेली होती. तिच्यावर बसलेली एक साळुंकी म्हणाली, "तीन स्वर जागे कर. आधी तारेच्या मध्यावर बोट टेकव."

राजाने पावले मोजून मध्य गाठला, बोट हलकेच टेकवले. साळुंकीने चोचीने तार छेडली. वरचा षड्ज उमटला.

"आता तिसऱ्या हिश्श्यावर."

तिथे पंचम उमटला.

"आता बोट काढ. तारेला हात न लावता गंधार आण."

साळुंकीने छेडताच मोकळी तार घुमली. राजाला षड्जच ऐकू आला. पुन्हा घुमली, पुन्हा तेच. दिवस कलला. राजा मातीत बसला, खडकाला कान लावला, आणि प्रथमच गप्प राहून ऐकू लागला. मग खोल षड्जाच्या आतून फार वरचा, बारीक गंधार आला. तो कोणी छेडला नव्हता.

राजा म्हणाला, "ती खरे बोलत होती."

दूर राज्यात साऱ्या तारा एकदम झंकारल्या. शाप सुटला.

"कनकवल्ली कुठे आहे?" राजाने विचारले.

"सीमेपारच्या कुंभाराच्या घरी राहत होती. गेल्या श्रावणात वारली."

राजा त्या घरी गेला. कुंभारीण म्हणाली, "रागावल्या नव्हत्या हो. महाराज तापट आहेत, पण एक दिवस विचारायला येतील, म्हणायच्या. शेवटपर्यंत दाराकडे डोळे होते."

राजा उंबऱ्यावरच बसून राहिला. पुढे त्याने पुष्कळ वर्षे न्यायाने राज्य केले, घरोघरी वीणा वाजल्या. कोणी काही सांगू लागले, की तो हातातले काम टाकून आधी ऐके. लोक त्याला शहाणा म्हणत. तो मान खाली घाली.