दर्भाचा कावळा

"मेलेल्याला गावात घर देता येतं का, बुवा? एवढंच सांगा."

हैबतराव पाटील उभ्यानंच विचारत होता. मठात आलेला माणूस आधी बसतो. पाटील बसला नव्हता. एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात केळीच्या पानानं झाकलेलं ताट.

सोनगीरबुवा मठासमोरच्या नदीघाटाच्या कठड्याला टेकून उन्हात बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"कोण मेलं?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. पंचक्रोशीला ठाऊक होतं. पाटलाचा धाकटा भाऊ सयाजी बांधाच्या भांडणात गेला. कोयता सटवाच्या हातात होता. कोर्टानं सटवाला जन्मठेप दिली. गावाला फाशी हवी होती.

मग गावानं आपली फाशी दिली. दर्भाचा पुतळा केला आणि सटवा म्हणून जाळला. नदीवर त्याचा दहावा घातला. त्याच्या आईला, ठकूबाईला, धरून आणून पिंडासमोर बसवलं. मुलगा तुरुंगात जिवंत होता आणि आई त्याच्या नावानं पाणी सोडत होती. बघायला सारं गाव होतं. कुणाला वावगं वाटलं नाही.

आता सटवा शिक्षा भोगून परत आला होता. तुरुंगात सुतारकी शिकला होता. हात चांगला बसलाय, असं लोक म्हणत होते.

पाटील सांगू लागला. आपण कायदा मोडलेला नाही. वाळीत टाकणं गुन्ह्यात बसतं, म्हणून कुणाला वाळीत टाकलेलं नाही. मेलेल्याला कोण वाळीत टाकतं? त्याला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. गाव फक्त त्याला बघत नाही. तो दुकानात उभा राहिला तर वाणी त्याच्या मागच्या गिऱ्हाइकाशी बोलतो. वाटेत आडवा आला तर लोक थांबत नाहीत, सरळ चालत येतात. त्यालाच बाजूला व्हावं लागतं. ठकूबाईला बजावलंय, मेलेलं पोर दारात दिसलं तर कडी काढायची नाही. ती काढत नाही. आत बसून रडते, तेवढं ऐकू येतं.

"आधी तो ओरडायचा," पाटील म्हणाला. "मी जिवंत आहे, जिवंत आहे, म्हणून. आता ओरडत नाही. उन्हात उभा राहतो आणि आपली सावली पडते का बघतो."

पाटलानं ताट कठड्यावर ठेवलं.

"उद्या घट बसतील. त्याआधी गावाला निकाल हवा. तुम्ही सांगाल ते गाव ऐकेल. काही शहाणे म्हणतात, तो सुधारला, राहू दे त्याला आईजवळ... मेलेला सुधारतो का, बुवा?"

बुवांनी डोळे उघडले आणि कठड्याखाली पाहिलं.

भर दुपार होती. घाटाच्या खालच्या पायरीवर सटवा बसला होता. भोवती कावळे होते. एक तर त्याच्या गुडघ्याला खेटून बसला होता. सटवानं हात हलवला. कावळा हलला नाही.

"तो बघ खाली," बुवा म्हणाले.

पाटलानं तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मला कुणी दिसत नाही."

"बरं. ताटात काय आहे?"

सर्वपित्री अमावास्या होती. ताटात सयाजीचं जेवण होतं. वडे, खीर, भात, भोपळ्याची भाजी. घरच्या पत्र्यावर ठेवलं तर कावळा फिरकला नाही, म्हणून पाटील ते नदीवर घेऊन आला होता. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. पाटलाची म्हातारी आई सकाळपासून पाण्यावर होती.

पाटलानं कठड्यावर केळीचं पान मांडलं. सगळं वाढलं. मागं सरून हात जोडले. मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यानं ती पुरी करायचा शब्द द्यायचा असतो.

"सयाजी, त्याला गावात थारा देणार नाही. जेव, बाबा."

खाली कावळ्यांनी माना वळवल्या. पानाकडे पाहिलं. उठला कुणी नाही.

"दर वर्षी हेच," पाटील म्हणाला. "शेवटी दर्भाचा कावळा करतो आणि शिववतो. चालतं तसं. शास्त्र आहे."

"सटवाच्या दहाव्याला शिवला होता?"

"तिथंही दर्भाचाच."

"माणूस गवताचा, कावळा गवताचा. रडणारी आई तेवढी खरी होती."

पाटलाचा चेहरा उतरला. पण तो मागं हटणारा नव्हता. म्हणाला, "माझीही आई खरीच आहे. ती दर वर्षी मला म्हणते, गवतानं माझं लेकरू जेवत नसतं. आणि ताटावरून उठते."

"मग शब्द दुसरा देऊन पाहिलास?"

...

पाटील हातातली काठी दाबत उभा राहिला. मग दात आवळून बोलला. भावाची इच्छा आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्या मांडीवर त्याचा जीव गेला.

"जाताना काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला."

"मग ही इच्छा त्याची कशावरून?"

पाटील चिडला.

"दुसराही शब्द देऊन दाखवतो," तो म्हणाला. "तुमचंही समाधान होऊ दे. मग निकाल माझ्या बाजूनं द्यायचा."

तो पानाकडे वळला. हात जोडले ते थट्टेनंच.

"सयाजी, सटवाला राहू देतो. आईजवळ."

इतक्या वर्षांत ते नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. निघालं तेव्हा आवाज थट्टेचा राहिला नाही.

...

घाटावरचे सगळे कावळे एकदम उठले. ओरडले नाहीत. पानावरून गेले आणि पैलतीराच्या बाभळींत दिसेनासे झाले.

"बघा," पाटील म्हणाला. "होते तेही गेले."

बुवा त्याच्याकडे बघत नव्हते. खाली सटवा उभा राहिला होता. कुणीतरी लांबून हाक मारावी आणि ती आपल्यालाच का, हे कळू नये, तसा वर बघत होता. मग पायऱ्या चढू लागला. पायांचा आवाज होत नव्हता.

तो सरळ चालत आला. पाटील बाजूला झाला.

सटवा पानासमोर बसला. खीर दोन्ही हातांनी उचलली. डोळे पाटलावर होते. खाऊ का, असं विचारत होते की काय, सांगता येत नाही.

पाटलाची काठी वर गेली.

"सयाजीचं पान..." एवढंच त्याला म्हणता आलं. काठी तशीच वर राहिली. ती खाली येईना आणि मागंही जाईना. सटवानं मान खाली घातली आणि घास तोंडात घातला.

बुवा जागचे हलले नाहीत.

"काठी ठेव, हैबती. कावळा शिवला. तांब्या भरून आण... तुझा भाऊ जेवतोय."